तुळशीखालचं केग

केग घरात आलं त्या शनिवारी मी इतकी खूश होते की दिवसभर काहीतरी निमित्त काढून गॅरेजमध्ये जात होते आणि ते नुसतं बघून परत येत होते. नवरा खूश नव्हता, पण तो कुठल्याच नव्या वस्तूवर पहिल्या दिवशी खूश नसतो. वॉशिंग मशीन आणलं तेव्हाही त्याने आठवडाभर त्याच्याकडे संशयाने पाहिलं होतं. म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

केग म्हणजे पबमध्ये बिअर ज्यातून येते ते स्टीलचं पिंप. आमचं पन्नास लिटरचं होतं. ब्लेचलीतल्या एका माणसाने जुन्या वस्तूंच्या एका साइटवर ते विकायला काढलं होतं. वरचा भाग त्याने ग्राइंडरने गोल कापला होता, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि तळाजवळ एक नळ बसवला होता. घरी बिअर करणाऱ्याला असं भांडं मिळणं म्हणजे पर्वणीच. स्टील जाड, कितीही उकळा खाली लागत नाही, आणि एकदा घेतलं की जन्मभर दुसरं बघायला नको. तोवर मी पावभाजीच्या मोठ्या पातेल्यात करत होते आणि दर वेळी अर्धं शेगडीवर उतू जात होतं.

मी बिअर करते म्हटलं की मिल्टन कीन्सची आमची मराठी मंडळी आधी हसतात आणि मग नवऱ्याकडे कौतुकाने बघतात. जणू हे सगळं त्याच्या सेवेसाठी चाललंय. तो दारूला शिवत नाही. मलाही अर्ध्या ग्लासावर झोप येते. मला ती प्यायला नाही, करायला आवडते. नागपूरला मी मायक्रोबायोलॉजी शिकले होते. मग सगळ्यांनी केला तसा मीही एक कोर्स केला, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरले आणि तिथून इकडे इंग्लंडला आले. सातू उकळला की घरभर सुटणारा तो गोडसर वास, थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडणं, दुसऱ्या दिवशी झाकण किंचित उघडून फेस आलाय का ते बघणं, यात माझं शिक्षण पहिल्यांदा कामाला येत होतं. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. शनिवारी मात्र काहीतरी जिवंत माझ्या हाताखाली वाढायचं.

आणि तो शनिवार मला हवाच होता. आमच्या व्हिसाची दोरी माझ्या कंपनीच्या हातात होती, आणि कंपनीच्या वतीने ती माझ्या मॅनेजरने धरलेली होती. हा इंग्रज माणूस कधी आवाज चढवत नसे. शुक्रवारी सगळे घरी निघाले की तो माझ्या टेबलाशी येऊन अगदी सौजन्याने शनिवार-रविवारचं काम देई. दिवाळीला नागपूरला जाऊ का विचारलं, की "लेट्स सी आफ्टर द रिलीज." एकदा मी जरा चिडून बोलले, तर त्याने मान हलवली, समजून घेतल्यासारखं केलं, आणि जाता जाता म्हणाला, "एचआर तुझं स्पॉन्सरशिपचं रिन्यूअल बघतायत. सगळं स्मूथ जावं असं आपल्या दोघांनाही वाटतं, नाही का?" त्या दिवसापासून मी चिडणं बंद केलं. दुसरीकडे दोन ठिकाणी अर्ज केले, तिथली माणसं स्पॉन्सर लागेल म्हटल्यावर गप्प झाली. एकच वाट होती. व्हिसावर पाच वर्षं भरली की आयएलआर, म्हणजे या देशात कायमचं राहण्याची परवानगी मागता येते. ती मिळाली की कोणाच्या नावाला बांधलेलं राहावं लागत नाही. ती मिळाली की त्याच आठवड्यात राजीनामा, हे मी आणि नवऱ्याने कधीच ठरवून टाकलं होतं. त्या एका गोष्टीवर मी दिवस काढत होते.

तर केग. पहिली बिअर करायच्या आधी मी ते घासायला घेतलं. वरच्या कडेला जुन्या लेबलांचा चिकटा होता. तो निघाला आणि खाली स्टीलमध्येच ठसवलेली अक्षरं दिसली. एका ब्रुअरीचं नाव, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, की हे केग आमच्या मालकीचं आहे, ते विकता, विकत घेता किंवा दुसऱ्या कशाला वापरता येणार नाही. मला गंमत वाटली. मी ते ओलं केग तसंच टाकून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

तो पोळ्या करत होता. त्याने गॅस बंद केला.

"म्हणजे हे चोरीचं आहे," तो म्हणाला.

"अरे, मी पैसे देऊन घेतलंय."

"ज्याच्याकडून घेतलंस त्याचं नव्हतंच ना ते. चोरीचा माल जवळ बाळगणं म्हणजे काय, माहितीये? आणि पुढच्या मार्चमध्ये आपण फॉर्म भरणार आहोत."

त्याचे वडील जन्मभर ट्रेझरीत होते. त्यांच्या घरात नियम हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा असायचा, त्याच्यासमोर कोणी पाय पसरून बसत नसे. नवरा इथे एका शाळेत कॉम्प्युटर सांभाळतो, पण त्याचं मन ट्रेझरीतच आहे. आयएलआरचा फॉर्म भरायला आणखी कित्येक महिने होते तरी त्याला तो तोंडपाठ होता. तुम्ही चांगल्या चारित्र्याचे नाही असं वाटू शकेल असं काही तुम्ही कधी केलंय का, असा त्यात एक प्रश्न आहे. तो त्याने मला तिथेच, पीठ लागलेल्या हातांनी ऐकवला. मी हसले. मग नळ उघडून पाणी प्यायले, आणि मला हसू येईना.

त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही बोललोच नाही. विकणाऱ्या माणसाला मेसेज केला, तर त्याचं अकाउंटच नाहीसं झालेलं. ब्रुअरीला फोन करून परत देऊ या म्हटलं, तर नवरा म्हणाला, कापलेलं केग परत देणार? म्हणजे चोरी आणि वर नासधूस. शिवाय फोन रेकॉर्ड होतात. कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, टाकू म्हटलं, तर तिथे आधी गाडीचा नंबर देऊन स्लॉट घ्यावा लागतो आणि दारात कॅमेरा आहे. भंगारवाला ओळखपत्र मागतो, आणि केग म्हटलं की आधी कागद मागतो. एखाद्या रेडवेच्या, म्हणजे इथल्या सायकलवाटेच्या, कडेला झुडपात ठेवून येऊ, असं मी वैतागून म्हणाले, तर त्याने मला समजावून सांगितलं, की त्याला फ्लाय-टिपिंग म्हणतात आणि तोही गुन्हाच आहे. ठेवलं तरी गुन्हा, टाकलं तरी गुन्हा, विकलं तर मोठाच गुन्हा. गॅरेजचं दार उघडलं की ते चकचकीत पिंप समोर उभं, आणि आम्ही दोघं उंबऱ्यात.

"मग निदान त्यात बिअर तरी करते," मी म्हणाले.

"आता ते वापरायचंसुद्धा नाही. हात लावू नकोस."

पातेल्यातही करायची नाही, असं त्याने पुढे ठरवलं. उद्या कोणी आलंच, तर घरात बिअरचं सामान दिसायला नको. मी भांडले. खूप भांडले. पण आयएलआर या शब्दापुढे आमच्या घरात कुठलंच भांडण टिकत नसे, कारण त्या शब्दावर माझीही सगळी भिस्त होती. मी यीस्टची पाकिटं फ्रिजमधून काढून टाकली. शनिवारी मी ऑफिसचं काम करू लागले. मॅनेजरने माझं कौतुक केलं.

तुळशीची कल्पना नवऱ्याची. लेस्टरला देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरून त्याने एक तुळस आणली होती, ती दह्याच्या रिकाम्या डब्यात घरामागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीच्या खिडकीशी जीव धरून होती. एका रविवारी बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्यावर तो म्हणाला, "उलटं घातलं तर?"

केग उलटं घातलं, की कापलेलं तोंड जमिनीला जातं आणि तळ वर येतो. म्हणजे कुंडी ठेवायला छान ओटाच. अक्षरं होती ती कडही खाली, फरशीला टेकलेली. नळ काढून टाकला, तर त्याचं भोक बरोबर वर आलं, त्यावर त्याने पितळेची एक छोटी दिवली बसवली. मग गेरूच्या रंगाचे जाड हात मारले. एक, त्यावर दुसरा, अक्षरांवर तिसराही. पांढऱ्या रंगाने वेलबुट्टी काढली, गोपद्मं काढली. हात इतका सफाईने चालत होता की मी बघतच राहिले.

"स्वस्तिक काढू नकोस हं," मी म्हणाले. "तेवढंच राहिलंय आता."

तो हसला नाही. खरंच विचार करून त्याने ती जागा मोकळी ठेवली.

आता रोज सकाळी आंघोळ करून तो त्या केगला पाणी घालायचा, हळदकुंकू वाहायचा, उदबत्ती लावायचा. आधी मला वाटलं नाटक करतोय, पण आठवड्याभरात त्याला ते खरं वाटायला लागलं. मला ते काही केल्या खरं वाटेना. कॉन्झर्व्हेटरीत कपडे वाळत घालायला गेले की मला तुळस दिसायचीच नाही, खालचं केगच दिसायचं. दारावर पार्सलवाला आला तरी मी आधी त्या दिशेला बघायची. ऑफिसमध्ये मॅनेजर, घरात केग. पूर्वी गॅरेजमध्ये गेल्यावर जो मोकळा श्वास घ्यायचे तोही आता घेता येत नव्हता, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. आईला फोनवर सांगायला गेले, तर ती म्हणाली, "बाई गं, तुळस लावलीस हे फार चांगलं केलंस."

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न आमच्याकडे करायचं, असं इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी परस्पर ठरवून टाकलं. या काकू इथे आमच्या जन्माआधीपासून आहेत आणि त्यांना नाही म्हणण्याची रीत मंडळात नाही. संध्याकाळी पंधरा-वीस माणसं जमली, उसाची कांडकी आली, चिंचा-आवळे आले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. चोरीच्या केगवर उभ्या असलेल्या तुळशीचं लग्न मी सिल्कची साडी नेसून लावत होते आणि मला भीतीने घाम फुटला होता. अक्षता पडल्या तेव्हा स्टीलवर बारीक टणटण आवाज आला. मला वाटलं सगळ्यांनी तो ऐकला.

काकूंनी वृंदावनावर हात फिरवला.

"अगं, किती भक्कम आहे हे! कुठून मागवलंत?"

"लेस्टरहून," नवरा म्हणाला. हा माणूस लहानपणी शाळेत पोट दुखतंय असंही खोटं सांगू शकला नव्हता.

"मग मला त्यांचा नंबर द्या. मंडळासाठी एक घेऊन टाकू."

"ते दुकान बंद झालं, काकू."

"असं कसं? बेलग्रेव्ह रोडवर दुसरं असेल की. मी करते चौकशी," काकू म्हणाल्या आणि खाली वाकून त्यांनी स्वतः काढलेल्या रांगोळीचा फोटो घेतला. रांगोळी वृंदावनाच्या पायाशी होती. पायाशी म्हणजे अक्षरं होती त्या कडेशी.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. दोन दिवस छान छान, सुरेख सुरेख चाललं होतं. मग कोणीतरी फोन उलटा धरून बघितला असावा. तीन हात रंग दिला तरी ठसवलेलं अक्षर शेवटी उठून दिसतंच, कडेने प्रकाश पडला की जास्तच. "वहिनी," त्याने लिहिलं, "तुळशीला पाणी घालता की पाइंट?" खाली हसणारे चेहरे. खाली ब्रुअरीचं नाव. खाली काकूंचं एकच प्रश्नचिन्ह.

नवऱ्याने फोन पालथा ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, आजच्या आज हे केंब्रिजला माझ्या मावसभावाकडे नेऊन ठेवू, त्याच्याकडे शेड आहे. मावसभाऊ तिथे संशोधन करतो आणि त्याचाही आयएलआरचा अर्ज चालू होता.

"म्हणजे त्यालाही अडकवायचं?" मी म्हणाले. "आणि वाटेत पोलिसांनी थांबवलं तर काय सांगशील? तुळशीला फिरायला नेतोय?"

"मग तू सांग काय करायचं! तूच आणलंयस ना!"

ते खरं होतं, म्हणून मला फारच राग आला. दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि ब्रुअरीचा नंबर लावला. उचलणारी बाई गप्पिष्ट होती. मी म्हणाले, माझ्या एका मैत्रिणीकडे तुमचं केग आहे. मग म्हणाले, माझ्याकडे आहे. मग एका दमात सगळं सांगितलं, विकत घेतलं, कापलेलं होतं, माहीत नव्हतं, रंग दिलाय.

"कुठला रंग, लव्ह?" तिने विचारलं.

"तांबडा. धार्मिक कारणासाठी."

"बरं. गुरुवारी आमची व्हॅन तुमच्या बाजूला असते. चालेल?"

मी विचारलं, माझं नाव द्यावं लागेल का, पोलिसांना कळवता का. तिला प्रश्नच कळला नाही. पत्ता मात्र द्या म्हणाली, नाहीतर ड्रायव्हर शोधणार कसा. आणि परत देताय त्याबद्दल थँक यू, लोक देत नाहीत. फोन ठेवून मी तशीच बसून राहिले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला त्या बाईचाच राग आला होता. एवढे महिने आम्ही ज्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो होतो, ते तिच्या लेखी गुरुवारची व्हॅन होतं.

घरी सांगितल्यावर नवरा आधी तुळशीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "उत्तरपूजा केल्याशिवाय द्यायचं नाही."

"अरे, ते केग आहे."

"होतं. मी रोज पूजा केली आहे त्याची."

गुरुवारी त्याने शाळेतून सुट्टी घेतली. मी घरूनच लॉग इन केलं होतं. व्हॅन आली, एक आडदांड ड्रायव्हर ट्रॉली घेऊन मागच्या दाराशी आला, आणि आत झब्बा घातलेला माझा नवरा हातात अक्षता घेऊन उभा. तुळशीची कुंडी त्याने आधीच खिडकीत हलवली होती. त्याने ड्रायव्हरला नम्रपणे बूट काढायला सांगितलं. ते जाड लेसचे बूट होते, काढायला वेळ लागला. मग तो माणूस मोज्यांवर, टोपी हातात घेऊन, माझ्या शेजारी गप्प उभा राहिला. नवऱ्याने दिवा ओवाळला, मंत्र म्हणून अक्षता वाहिल्या आणि रीतीप्रमाणे ते केग दोन्ही हातांनी जागचं जरासं हलवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ड्रायव्हरने माझ्या कानाशी हळूच विचारलं, "मी थोड्या वेळाने येऊ का?"

"नको," मी म्हणाले. "झालं."

नवऱ्याने प्रसाद म्हणून दिलेले फुटाणे ड्रायव्हरने सगळे खाल्ले. कापलेलं तोंड त्याने एकदा बघितलं आणि ट्रॉली पुढे घेतली. नवऱ्याला मात्र राहवेना. याचं काही होणार नाही ना, असं त्याने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, कसलं काय होतंय, भंगारात जाईल. मागच्या महिन्यात एकाने बार्बेक्यूची शेगडी केलेलं केग परत दिलं, त्यात सॉसेज होतं अजून. मग केग ट्रॉलीवर आडवं करून तो घेऊन गेला. कोणाची सही नाही, कागद नाही. फरशीवर एक तांबडा गोल उरला, तो मी घासून काढला.

त्यानंतर घरात काही वाद निघाला की मी ब्रुअरीला केलेल्या त्या फोनचा विषय काढायची. मी केला ना फोन, काय झालं? तुझ्यावर सोडलं असतं तर आज केंब्रिजला दुसरं वृंदावन झालं असतं. हे मी त्याला पाहुण्यांसमोरसुद्धा ऐकवलं. तो ऐकून घ्यायचा. त्याच्या भित्रेपणावर हसून हसून मी स्वतःला फार धीट समजायला लागले होते, आणि त्या भरात मार्चपर्यंतचे दिवस ढकलले. मॅनेजरने ख्रिसमसच्या सुट्टीत काम दिलं, तेही केलं. आता थोडेच दिवस, असं म्हणत केलं.

मार्चमध्ये फॉर्म भरला. त्या चारित्र्याच्या प्रश्नावर नवरा अडला आणि केगचा उल्लेख करावा का, असं विचारू लागला. मी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि नो वर क्लिक केलं. मग वाट बघणं. ईमेल आला तो मीटिंग चालू असताना. मी कॅमेरा बंद करून तो वाचला, पुन्हा वाचला, नवऱ्याला पाठवला. संध्याकाळी तो जिन्यात बसून रडला. मीही रडले. आईला फोन केला, काकूंना केला, काकूंनी केगचं नाव न काढता आशीर्वाद दिला.

"सोमवारी सांगून टाक," नवरा म्हणाला. "पुढचं पुढे. मी आहे ना. थोडे दिवस घरी बस, तुझ्या त्या यीस्टचं बघ, मग काहीतरी लॅबचं काम मिळतंय का शोधू." हे तो म्हणत होता, वॉशिंग मशीनला घाबरणारा माणूस. मला त्याचं फार प्रेम वाटलं.

सोमवारी गाडी चालवताना प्रत्येक राउंडअबाउटला मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. साधं इंग्रजी वाक्य होतं, मला जायचंय, एवढंच. जोराने म्हणून पाहिलं, हसत म्हणून पाहिलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, फोन केला होता तिथेच जवळपास, गाडी लावली. मॅनेजरने मला बघून स्वतः उठून दार उघडलं. टेबलावर केक होता. एचआरने त्याला कळवलं होतं.

"मला तुझ्यासाठी खरंच फार आनंद झालाय," तो म्हणाला. आणि झाला असावा. त्याने केक कापून मला दिला. मग म्हणाला, आता तू कायमची इथली, म्हणजे आपल्याला लांबचं प्लॅनिंग करता येईल. एक मोठा प्रोजेक्ट येतोय, दोन वर्षांचा. लीड म्हणून मी तुझंच नाव दिलंय. सुरुवातीला थोडे वीकेंड जातील, यू नो हाऊ इट इज. चालेल ना?

ते वाक्य माझ्या तोंडात होतं. केकच्या घासामागे होतं. त्या खोलीत मला अडवणारं काहीही नव्हतं. व्हिसा नव्हता, फॉर्म नव्हता, त्याच्या हातात दोरी नव्हती. तो माझ्याकडे बघत होता आणि मी घास गिळला.

"थँक यू," मी म्हणाले. "येस. ऑफ कोर्स."

घरी पोचले तेव्हा नवरा दारातच होता. त्याने सकाळपासून काही खाल्लं नसावं.

"सांगितलंस?"

"नाही."

मी तिथेच बॅग धरून उभी राहिले. आता तो काय म्हणेल हे मला माहीत होतं, कारण त्याच्या जागी मी असते तर म्हणाले असते. इतके महिने मी त्याला त्या एका फोनवरून टोचलं होतं. आज त्याची पाळी होती आणि ती त्याने घ्यायलाच हवी होती.

त्याने माझ्या हातातून बॅग घेतली.

"राहू दे," तो म्हणाला. "होतं असं. मला माहितीये. हातपाय धू, जेवायला बस."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर त्या तिरिमिरीत दुसऱ्या दिवशी जाऊन सांगूनही आले असते. मी हातपाय धुऊन जेवायला बसले. तो प्रोजेक्ट अजून चालू आहे.